पोलिसांना काय शिकवले आणि काय शिकवायचे राहिले?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका कुटुंबाला भर चौकात जातीवरून शिवीगाळ झाली. त्यांना घेऊन आम्ही कार्यकर्ते जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतले आणि अदखलपात्र नोंद करायला घेतली. आम्ही म्हणालो, साहेब, हा अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा आहे. ते म्हणाले, "कलम सांगा." आम्ही कलम ३(१)(आर) आणि (एस) सांगितले. त्यांनी कपाटातून एक जुनी पुस्तिका काढली. तिच्यात ३(१)(१०) होते, पण आर आणि एस कुठेच नव्हते. कारण कायद्यात दुरुस्ती होऊन ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली होती आणि पुस्तिका त्याच्या कितीतरी आधीची होती. दोन तास वाद झाला. शेवटी वरिष्ठांना फोन लागला, तेव्हा गुन्हा नोंद झाला. निघताना एक तरुण शिपाई मागे आला आणि हळूच म्हणाला, "दादा, तुमच्याकडचं नवीन पुस्तक झेरॉक्सला द्याल का? आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही."

ते ठाणे कोणते, हा मुद्दा नाही. त्या शिपायाचे वाक्य आमच्या डोक्यातून गेले नाही, हा मुद्दा आहे. पोलिसाला वर्दी मिळाल्यावर पुढची तीस वर्षे कोण काय शिकवते? त्याच्या आधी, गेली सव्वाशे वर्षे त्याला आपल्याविषयी काय शिकवले गेले? हा इतिहास आपल्या चळवळीने वाचला पाहिजे, म्हणून हा लेख.

गावचा बिनपगारी पोलीस

इंग्रजांची वर्दी येण्याआधी गावात पोलिसाचे काम कोण करत होते? वेशीवर पहारा देणारा, चोराचा माग काढणारा, सरकारी खजिन्याबरोबर चालणारा, कैद्याला तालुक्याला पोहोचवणारा, मृत्यूची खबर घेऊन उन्हातान्हात पळणारा कोण होता? महार होता, मांग होता, रामोशी होता. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने पाटलाला गावच्या पोलिसाचा अधिकार दिला. १८७४ च्या वतन कायद्याने महाराला 'कनिष्ठ गावकामगार' म्हणून बांधून ठेवले. अधिकार पाटलाचा आणि पायपीट महाराची. त्या कामाला वेळेचे बंधन नव्हते, धड पगार नव्हता, बढती तर नव्हतीच.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १९४१ च्या फेब्रुवारीत कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद झाली. आपल्या कुर्डूवाडीहून लातूरकडे जाणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेच्या पट्ट्यातले ते गाव. म्हणजे हा प्रश्न आपल्या दारातला होता.

आता विरोधाभास बघा. ज्या समाजाने शतकानुशतके गाव राखले, त्यालाच आधुनिक पोलीस दलाची दारे बंद होती. अस्पृश्य शिपाई सवर्णाच्या घराची झडती कशी घेणार, त्याला अटक कशी करणार, अशी अडचण पुढे केली जायची. म्हणून २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी लष्कर आणि आरमाराबरोबरच पोलीस खात्यातही मुक्त भरतीचा हक्क मागितला. ही नुसती नोकरीची मागणी नव्हती. पोलीस आणि दंडाधिकारी हे स्पृश्य हिंदू समाजातूनच येतात, त्यामुळे अस्पृश्याच्या तक्रारीत ते तटस्थ राहत नाहीत, हे बाबासाहेबांनी पुढे आपल्या लेखनात वारंवार दाखवले. कायदा कागदावर समान असतो, पण तो ज्याच्या हातात असतो त्याची जात समान नसते, हे त्यांचे निरीक्षण होते.

पहिली शाळा आणि पहिला धडा

१९०२-०३ साली सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय पोलीस आयोग बसला. पोलीस दल अकार्यक्षम आणि भ्रष्ट आहे, त्याला नीट प्रशिक्षण नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि प्रांतोप्रांती प्रशिक्षण शाळा काढायची शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला अशी शाळा निघाली. १९०९ मध्ये ती नाशिकला हलली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच.

शाळा तर निघाली, पण तिच्या काळात पोलिसाच्या हातात कोणते ज्ञान होते? १९०८ साली मुंबई इलाख्याचे पोलीस महानिरीक्षक एम. केनेडी यांचे मुंबई इलाख्यातील 'गुन्हेगार वर्गां'वरचे जाडजूड पुस्तक निघाले. ते पोलीस अधिकाऱ्यांसाठीच होते. कैकाडी, भामटा, मांग गारुडी, पारधी, रामोशी अशा एकेका जमातीला एकेक प्रकरण. ते लोक दिसतात कसे, बोलतात काय, राहतात कुठे, चोरी करतात कशी. म्हणजे माणूस बघून गुन्हा ओळखायला शिकवणारे पुस्तक. समाजशास्त्र शिकताना आम्हाला 'शिक्का मारणे' ही संकल्पना परदेशी पुस्तकांतून शिकवली गेली. तिचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र आपल्याच इलाख्यात छापले गेले होते.

त्या पुस्तकामागे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा उभा होता. सोलापुरात त्याचे जिवंत रूप म्हणजे काटेरी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. आजही शहरात त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात. आत राहणाऱ्याने हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कुंपण उठले, पण शिकवणूक उठली का? आजही एखाद्या गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर का जाते, हे आपल्या भागातल्या कुणालाही विचारा. अभ्यासक्रमातून एखादे प्रकरण काढून टाकले म्हणून ते माणसाच्या डोक्यातून निघत नाही. ते काढण्यासाठी वेगळे काही शिकवावे लागते, आणि पुन्हा पुन्हा शिकवावे लागते.

एका समाजशास्त्रज्ञाने काय सांगितले होते

हे वेगळे शिकवणे कसे असावे, हे सांगणारा माणूस मराठीच होता. नोव्हेंबर १९७१ मध्ये केंद्र सरकारने पोलीस प्रशिक्षणावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष ना कुणी निवृत्त पोलीस अधिकारी होते, ना न्यायाधीश. ते होते टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक प्रा. मा. स. गोरे. हेच गोरे पुढे १९९३ साली बाबासाहेबांच्या सामाजिक आणि राजकीय विचारांवर 'द सोशल कॉन्टेक्स्ट ऑफ अ‍ॅन आयडिऑलॉजी' हा महत्त्वाचा ग्रंथ लिहिणारे.

गोरे समितीचा अहवाल १९७३ मध्ये आला. त्याचा गाभा सोपा होता. आपले पोलीस प्रशिक्षण कवायत आणि कलमांच्या पाठांतरात अडकले आहे. पोलिसाला समाज समजला पाहिजे, माणसाचे वर्तन समजले पाहिजे आणि त्याची स्वतःची वृत्ती तपासली गेली पाहिजे. हे भरतीच्या वेळी एकदा करून भागत नाही. नोकरीत असताना ठराविक काळाने उजळणी व्हायला हवी, आणि ती फक्त साहेबांची नव्हे तर शिपायाचीही. पोलीस संशोधन व विकास ब्युरोत १९७३ मध्ये प्रशिक्षणाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, तो याच शिफारशीतून. पुढे राष्ट्रीय पोलीस आयोगाने (१९७७-८१) आपल्या तिसऱ्या अहवालात पोलीस आणि दुर्बल घटक यांवर वेगळे प्रकरण लिहिले.

म्हणजे अहवालांची कमतरता नाही. कमतरता आहे ती अहवाल ठाण्यापर्यंत पोहोचण्याची. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांच्या २०१९ च्या पोलीसविषयक अहवालानुसार त्याआधीच्या काही वर्षांत देशभरात दरवर्षी सरासरी जेमतेम सहा टक्क्यांच्या आसपास पोलिसांनाच सेवांतर्गत प्रशिक्षण मिळाले. त्यातही अधिकाऱ्यांचा वाटा मोठा आणि शिपाई-हवालदारांचा कमी. पण फिर्यादी ठाण्यात गेल्यावर त्याला पहिला कोण भेटतो? हवालदारच भेटतो.

सात दिवसांचे अंतर

२२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे निर्देश दिले. गुन्ह्याचा तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, हा त्यातला एक. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, २९ सप्टेंबरला, खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या पोलीस तपासावर इतके आक्षेप आले की प्रकरण सीबीआयकडे गेले. २००८ मध्ये भंडारा सत्र न्यायालयाने आरोपींना खुनासाठी दोषी धरले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. खैरलांजी हे जातीचे हत्याकांड आहे हे सगळ्या महाराष्ट्राला दिसत होते. ते न्यायालयात टिकले नाही.

मित्रांनो, जातीय हेतू घोषणा देऊन सिद्ध होत नाही. फिर्यादीचे शब्द जसेच्या तसे लिहिणे, जातीचा दाखला लगेच जोडणे, आधीच्या वादाची साखळी जबाबात आणणे, वैद्यकीय तपासणी वेळेत आणि पूर्ण करणे, हे सगळे पहिल्या काही तासांत व्हावे लागते. कायद्याच्या नियम ७ प्रमाणे तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, पण पहिले तास ठाण्यातल्या माणसांच्या हातात असतात. तेच कच्चे राहिले तर पुढे मोठा वकील लावूनही भगदाड बुजत नाही.

'जात शिकवून जाते का?'

आमच्याच बैठकांत एक प्रश्न हमखास येतो. पोलिसांना कायदा माहीत नसतो असे नाही, त्यांना तो लावायचा नसतो. मग प्रशिक्षणाची मागणी म्हणजे जातीयवादी अधिकाऱ्याला 'बिचारा अडाणी' ठरवून सोडून देणे नाही का?

प्रश्न खरा आहे. जात म्हणजे अज्ञान नव्हे, ती सत्ता आहे, हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो. आठवड्याच्या कार्यशाळेने ती जाणार नाही. पण याच कायद्याचे कलम ४ वाचा. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. सगळा खेळ 'जाणूनबुजून' या शब्दावर आहे. चौकशीत अधिकारी म्हणतो, मला दुरुस्ती माहीत नव्हती, आणि सुटतो. अमुक तारखेला त्याने या कायद्याचे प्रशिक्षण घेतले, हजेरीपटावर सही केली, याची नोंद असेल तर ही पळवाट बंद होते. प्रशिक्षण जातीयवाद्याला माफी देत नाही, त्याची सबब काढून घेते. आणि त्या तरुण शिपायासारख्या, शिकायची इच्छा असलेल्या माणसाच्या हाती बळ देते. आज आरक्षणामुळे आपली मुले-मुलीही वर्दीत आहेत. ठाण्यात एकट्या पडणाऱ्या त्या मुलांनाही हे बळ लागते.

'वेळ नाही, माणसे नाहीत' हे उत्तर आपल्या जिल्ह्यात नेहमी मिळते. ते अर्धे खरे आहे. पंढरपूरच्या चार वाऱ्या, निवडणुका, जयंत्या, मोर्चे. सोलापूर ग्रामीणचा पोलीस सतत बंदोबस्तावर. पण डिसेंबर २०२३ मध्ये नवे फौजदारी कायदे मंजूर झाले आणि १ जुलै २०२४ ला लागू झाले. मधल्या सहा महिन्यांत देशभर पोलिसांची प्रशिक्षणे झालीच ना? मग ३० जानेवारी १९९० पासून लागू असलेल्या कायद्यासाठी वेळ का मिळत नाही? सरकारला हवे तेव्हा वेळ मिळतो, असाच याचा अर्थ.

माढ्यातून काय करता येईल

१९९५ च्या नियमांतला नियम १३ सांगतो की अत्याचारप्रवण भागात नेमलेल्या प्रशासकीय आणि पोलीस कर्मचाऱ्यांना अनुसूचित जाती-जमातींच्या प्रश्नांची योग्य जाण असली पाहिजे, याची खात्री राज्य सरकारने करायची आहे. म्हणजे पोलिसांचे शिक्षण ही मेहेरबानी नाही, नियमातली जबाबदारी आहे. मग मागू या.

एक, माहिती अधिकारात साधा अर्ज करा. माढा, कुर्डूवाडी, टेंभुर्णी ठाण्यांतल्या किती कर्मचाऱ्यांनी गेल्या पाच वर्षांत अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे प्रशिक्षण घेतले, किती दिवसांचे, कुठे? व्यक्तींची नावे नकोत, आकडे हवेत. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.

दोन, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व संनियंत्रण समिती तीन महिन्यांतून एकदा बसली पाहिजे. उपविभागीय पातळीवरही अशी समिती आहे. तिथे प्रशिक्षण हा कायमचा विषय ठेवायला लावा.

तीन, घटना घडल्यावर निलंबनाची मागणी आपण करतोच, ती सोडायची नाही. पण घटना घडण्याआधीचा प्रश्नही विचारायला शिका : या ठाण्यात काय शिकवले आहे?

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले ते सोलापूर विद्यापीठात, केगावला. त्याच केगावात पोलीस प्रशिक्षण केंद्रही आहे. दोन वर्षे एसटीने जाताना त्या मैदानावर धावणारी मुले आम्ही बघत होतो. आमच्याच वयाची, आमच्यासारखीच शेतमजुरांच्या आणि छोट्या शेतकऱ्यांच्या घरांतली. आम्ही जात या विषयावर पेपर लिहीत होतो आणि ती मुले उद्या जातीच्याच भांडणाची फिर्याद लिहिणार होती. पण दोन वर्षांत एकदाही आमचा वर्ग तिकडे गेला नाही, की त्यांची तुकडी इकडे आली नाही. गोरे समितीने १९७३ मध्ये सांगितलेले काम एवढ्या अंतरावर अडून पडले आहे. ते पुढे रेटायला निधी लागत नाही. लागतो तो आग्रह, आणि तो आपल्यालाच धरावा लागेल.

जय भीम!