भिंतीवर परतलेला सिनेमा

कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री सिनेमाच्या इतिहासात ‘पेंटर’ याच नावाने गेले. नाटकाचे पडदे रंगवणारा हा माणूस आपल्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवी. मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलं. पुढे फ्लेक्सची छपाई आली आणि हे ब्रश बघता बघता खाली ठेवले गेले. मुंबईच्या भिंतींवर हिंदी सिनेमा रंगवणाऱ्या ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’ची वाटचाल मला इथून सुरू करावीशी वाटते.

रणजित दहिया यांनी 2012 मध्ये हा उपक्रम सुरू केला, तेव्हा भारतीय सिनेमाची शंभरी तोंडावर आली होती. दहिया मूळचे हरियाणातल्या सोनीपतकडचे. भिंतींना चुना लावण्यापासून त्यांनी सुरुवात केली; मग चंदीगडला कलेचं शिक्षण घेतलं, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) डिझाइन शिकले. भिंतीचा पोपडा कुठे सुटेल आणि ती रंग किती पिईल, हे असं ज्ञान हाताला लागतं ते आधी चुना लावला म्हणूनच.

पहिली भिंत मिळाली वांद्र्याच्या चॅपल रोडवर. जुन्या ख्रिस्ती घरांच्या त्या अरुंद गल्लीत 1953 सालच्या ‘अनारकली’चं पोस्टर अवतरलं. त्याच वर्षीच्या ‘नायगारा’मधलं मर्लिन मन्‍रोचं प्रसिद्धीचं छायाचित्र घेऊन अँडी वॉरहॉलने पुढे पॉप आर्टची ओळखच घडवली. वॉरहॉलचा समकालीन जेम्स रोझेनक्विस्ट तर टाइम्स स्क्वेअरवर जाहिरातींचे फलक रंगवत होता. म्हणजे तिकडेही फलकांचे रंगारीच गॅलरीत शिरले होते. दहियांच्या बाबतीत उलट घडलं: चित्रकला शिकून आलेला माणूस पोस्टरवाल्यांचे भडक, सपाट रंग घेऊन रस्त्यावर उतरला. मला हा प्रवास जास्त मोलाचा वाटतो. गॅलरीची पायरी चढायला बिचकणारा माणूसही या चित्रासमोर मान वर करून निवांत उभा राहतो.

मग राजेश खन्ना आला, ‘दीवार’मधला अमिताभ आला.

सगळ्यात मोठी उडी 2014 ची. त्या वर्षी दिल्लीत सुरू झालेल्या ‘स्टार्ट इंडिया फाउंडेशन’चा भित्तिचित्रांचा महोत्सव मुंबईत भरला आणि वांद्रे रेक्लमेशनजवळची एमटीएनएल या टेलिफोन कंपनीची इमारत दहियांच्या वाट्याला आली. सुमारे 120 फूट बाय 150 फुटांच्या त्या भिंतीवर त्यांनी कुणी नट काढला नाही. काढले दादासाहेब फाळके! त्र्यंबकेश्वरला जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले, छपाईच्या धंद्यात हात काळे केलेले फाळके. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी रंग आणि शाई हेच त्यांचं जग होतं. पोस्टरच्या परंपरेतल्या चित्रकाराने त्यांना एवढी मोठी भिंत द्यावी, हे पाहून माझा ऊर भरून येतो.

भिंतीवरची चित्रं टिकत नाहीत. मुंबईचा पाऊस रंग खातो, घरं पाडली जातात, मालक नवा रंग लावतो. म्हणून हा उपक्रम पुन्हा पुन्हा नव्या भिंती शोधत राहिला. 2018 मध्ये श्रीदेवी गेल्यावर चॅपल रोडवर तीही आली.

2020 च्या एप्रिलअखेर इरफान आणि ऋषी कपूर एका दिवसाच्या अंतराने गेले. कोरोनाच्या टाळेबंदीत थिएटरं बंद, अंत्ययात्रेला जायची सोय नाही. त्याच वर्षी दहियांनी दोघांनाही वांद्र्याच्या गल्ल्यांत रंगवलं. वरोडा रोडवर भाजी आणायला निघालेली, तोंडाला मास्क लावलेली माणसं इरफानच्या डोळ्यांसमोरून जात होती.