एंडोमेट्रिऑसिस
गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशांवर, ओटीपोटाच्या आतल्या आवरणावर, क्वचित आतड्यांवर वा मूत्राशयावर वाढण्याचा दीर्घकालीन विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळीच्या वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी स्त्रिया-मुलींना तो असतो. या ऊतीवरही महिन्याच्या संप्रेरकांचा परिणाम होतो. तिथे दाह होतो, व्रण राहतात, अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुने रक्त साकळून होणारी गाठ ती ‘चॉकलेट सिस्ट’. नेमके कारण अजून उलगडलेले नाही.

पाळीत थोडे दुखणे सर्वसाधारण आहे. गोळी घेऊनही मुलगी अंथरुणातून उठत नसेल, दर महिन्याला शाळा किंवा रोजगार बुडत असेल, तर ते सर्वसाधारण नव्हे. ‘लगीन झालं, एक बाळंतपण झालं की जातंय,’ ही कोल्हापूरकडची समजूत तिला वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढायला लावते. निदानाला अनेकदा चार ते बारा वर्षे लागतात. सोनोग्राफीत गाठ दिसते, पण पातळ थर निसटतात; म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी तक्रार खोटी ठरत नाही.

उपचार वेदनाशामके व संप्रेरकांच्या गोळ्यांपासून सुरू होतात. गरज पडल्यास दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात. दुखणे पुन्हा उद्भवू शकते. मूल हवे असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण संप्रेरकांच्या गोळ्यांनी गर्भधारणा थांबते. गर्भपिशवी काढणे हा पहिला उपाय नव्हेच. ऊती बाहेर राहिली तर दुखणेही राहते. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. कोल्हापूरसारख्या उसाच्या जिल्ह्याने तो परका मानू नये.

आनंदीबाई जोशी यांची १८८६ मध्ये कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-कक्षाच्या प्रमुख डॉक्टर म्हणून नेमणूक झाली होती. रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या वारल्या. बाईला आपले दुखणे बाईपाशी मोकळेपणी सांगता यावे, ही त्यांची तळमळ होती. आज शहरात सरकारी उपचारांसाठी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे ‘सीपीआर’मध्ये, केसपेपर काढून स्त्रीरोग विभागात दाखवता येते. जाताना दोन-तीन पाळ्यांची नोंद न्यावी: दुखणे कोणत्या दिवशी सुरू झाले, किती गोळ्या लागल्या, काय बुडाले. बहुतेक जणी ‘पोटात दुखतंय’ एवढ्यावरच थांबतात. शौचाला बसताना किंवा संबंधाच्या वेळी येणारी कळ लाजेने सांगायची राहते, आणि डॉक्टरांना या विकाराची शंका येते ती बऱ्याचदा तिच्यावरूनच.