१४ जुलै २०२३ : हॉलिवूडचे नटही संपावर

लेखक २ मेपासून संपावर होतेच. या दिवशी ‘सॅग-आफ्ट्रा’ या संघटनेचे सुमारे १ लाख ६० हजार कलावंत त्यांना येऊन मिळाले. दोघांनी एकदम काम थांबवण्याची १९६० नंतरची ही पहिलीच वेळ. तेव्हा नटांचे पुढारी होते चक्क रोनाल्ड रेगन! मानधनाचा वाद जुनाच, धास्ती नवी होती ती कृत्रिम बुद्धिमत्तेची. गर्दीच्या दृश्यातल्या एक्स्ट्रा नटाला एका दिवसाची मजुरी देऊन त्याची छबी स्कॅन करायची आणि पुढे कायमची वापरायची, असा स्टुडिओंचा डाव असल्याचा संघटनेचा आरोप होता. स्टुडिओंनी तो फेटाळला. नटांचा संप ११८ दिवस चालला. डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला, दोन्ही करारात आले.