कैलास लेणे आणि कोकसाची आख्यायिका

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळ येथील सोळाव्या क्रमांकाचे लेणे कैलास या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या निर्मितीचे श्रेय बहुतेक अभ्यासक राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्ण (सुमारे इ. स. ७५६ ते ७७३) यास देतात. लोकपरंपरा मात्र या राजाला ओळखत नाही. तिने दुसराच राजा, एक राणी आणि एक शिल्पी स्मरणात ठेवला आहे.

ही आख्यायिका कृष्ण याज्ञवल्की याच्या ‘कथाकल्पतरु’ या मराठी ग्रंथात आढळते. ग्रंथाचा काळ पंधराव्या-सोळाव्या शतकांचा संधिकाल होय. आलजपूरचा एल राजा व्याधिग्रस्त झाला असता राणीने घृष्णेश्वरास नवस केला, की राजा बरा झाल्यास शिवमंदिर बांधीन आणि त्याचे शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही. म्हैसमाळच्या कुंडात स्नान करून राजा व्याधिमुक्त झाला. आता प्रश्न राणीच्या प्राणांचा होता, कारण पायापासून शिखरापर्यंत मंदिर उभारण्यास कित्येक वर्षे लागणार. पैठणच्या कोकस नामक शिल्पीने हा पेच सोडविला. त्याने डोंगराच्या माथ्यापासून खोदकामास आरंभ केला आणि आठवड्याच्या आत राणीस शिखर दाखविले. राणीच्या नावावरून देवालयास माणिकेश्वर म्हणू लागले.

कथेतील नामे तपासून पाहिली असता तिची घडण ध्यानात येते. वेरूळचे प्राचीन नाव एलापुर. प्राकृतात स्वरमध्यस्थ ‘प’चा लोप होऊन त्याचे ‘एलउर’, ‘एलूर’ झाले. पुढे ‘ल’ व ‘र’ यांच्या स्थानविपर्ययाने आणि आरंभीच्या वकारागमाने ‘वेरूळ’ हे रूप सिद्ध झाले असे मानता येते. आलजपूर, म्हणजे आजचे अचलपूर, याचेही नाते लोककथा एल राजाशीच जोडते. तेव्हा राजावरून गावाला नाव मिळाले नसून गावाच्या नावावरून राजा कल्पिला गेला, असेच मानणे सयुक्तिक ठरते.

कोकसाचे प्रकरण अधिक विचारणीय आहे. मध्य भारतातील अकराव्या ते तेराव्या शतकांच्या कोरीव लेखांत काही शिल्पी स्वतःस कोकसाच्या कुळातील म्हणवितात. त्यावरून कोकस हाच कैलासाचा प्रमुख शिल्पी असावा, असे मत पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडले. परंतु कैलासाहून प्राचीन असलेल्या ‘वसुदेवहिंडी’ या प्राकृत कथाग्रंथात कोक्कास नावाचा यंत्रकुशल कारागीर येतो. म्हणजे हे नाव कैलास खोदला जाण्यापूर्वीच अलौकिक कारागिरीचे प्रतीक बनले होते. ज्या कामाचा कर्ता अज्ञात, ते काम कोकसाचे, असा लोकमानसाचा न्याय दिसतो. केवळ नामसाम्यावरून ऐतिहासिक व्यक्ती सिद्ध होत नाही.

राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्क याचा शके ७३४ (इ. स. ८१२) चा बडोदे ताम्रपट येथे तुलनेस घेण्याजोगा आहे. एलापुरच्या डोंगरावरील कृष्णाचे हे मंदिर पाहून देवही विस्मित होतात, असे त्यात म्हटले आहे. खुद्द शिल्पीला, हे आपल्या हातून घडले कसे, याचे नवल वाटते आणि पुन्हा असे काम करण्याचा धीर त्यास होत नाही. राजाचे नाव ताम्रपटाने जपले. शिल्पीचा विस्मय नोंदविला, पण त्याचे नाव गाळले.

आख्यायिकेने याच्या नेमके उलट केले. राजा ती विसरली, मुदतीची अतिशयोक्ती तिने केली. परंतु कामाची रीत अचूक सांगितली. कैलास एकाच खडकात, डोंगरमाथ्यावरून तीन बाजूंनी चर खोदून आणि मधला प्रचंड खडक अलग करून, वरून खाली कोरला आहे. मागील बाजूस हा चर सुमारे शंभर फूट खोल आहे. या पद्धतीत शिखर आधी व जोते शेवटी हाच क्रम अपरिहार्य ठरतो. राणीचा नवस हा त्या विलक्षण क्रमाला लोकांनी दिलेला अर्थ होय. बांधीव मंदिरे पाहण्यास सरावलेल्या समाजाला, शिखरापासून आरंभ का, हा प्रश्न पडला आणि त्याचे उत्तर त्याने कथेत शोधले.

सारांश, व्यक्ती आणि काल यांसाठी ताम्रपट प्रमाण मानावा. कोरण्याच्या क्रमाची आठवण मात्र आख्यायिकेत टिकली आहे. नामे खरी नाहीत म्हणून आख्यायिका त्याज्य ठरविणे, किंवा रीत खरी आहे म्हणून तिच्यातील नामेही खरी मानणे, हे दोन्ही इतिहासाभ्यासास सारखेच घातक होय.