बारमाही सर्दी, लहान मुले आणि अर्धी गोळी

१/ मोठ्यांची गोळी अर्धी मोडून लहानांना देणे, हा आपल्या घरांतला जुना हिशेब. वर्षभर शिंकणाऱ्या मुलाला दिल्या जाणाऱ्या त्या अर्ध्या गोळीमागे पुरावा कोणता होता? कित्येक दशके प्रामाणिक उत्तर एकच होते : फारसा नाही. त्या पुराव्याच्या शोधाचा हा इतिहास. #धागा

२/ १९१० मध्ये हेन्री डेल व पॅट्रिक लेडलॉ यांनी हिस्टामिनचे शरीरावरील परिणाम नोंदवले. १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनिएल बोव्हे व ॲन-मारी स्टाउब यांनी त्याला रोखणारे रसायन शोधले. गिनिपिग वाचले, माणसासाठी मात्र ते फार विषारी ठरले.

३/ माणसाला चालेल असे अँटरगान फ्रान्समध्ये १९४२ साली आले, तर १९४६ साली अमेरिकेत बेनाड्रिल. नाक वाहणे थांबे, पण औषध मेंदूतही शिरे. मोठा माणूस पेंगला तर एक दिवस वाया जाई. रोज औषध घेणारे मूल पेंगले तर शाळाच बुडे.

४/ परागकणांची ॲलर्जी ऋतूबरोबर ओसरते; बारमाही ॲलर्जीला ऋतू नसतो. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट व स्पीक्स्मा यांनी घरातील धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म माइटकडे बोट दाखवले. शत्रू अंथरुणातच होता. म्हणजे औषधही दीर्घकाळ देणे आले.

५/ येथे इतिहासाचा विरोधाभास पाहा. १९३७ मध्ये सल्फानिलामाइडच्या विषारी द्रावणाने अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांत अनेक मुले होती. त्यातून १९३८ चा कायदा झाला. थॅलिडोमाइडच्या आघातानंतर १९६२ चा. दोन्ही कायद्यांमागे मुलांचे दुःख होते.

६/ परिणाम मात्र उलटा झाला. पुरावा सक्तीचा होताच कंपन्यांनी मुलांवरील चाचण्या टाळल्या आणि वेष्टनावर ‘मुलांसाठी शिफारस नाही’ अशा अर्थाची ओळ छापली. डॉक्टर हॅरी शर्की यांनी अशा मुलांना ‘उपचारांच्या जगातील अनाथ’ म्हटले.

७/ चाचणी सोपीही नव्हती. शिंका, वाहणे, खाज, चोंदणे यांना प्रत्येकी ० ते ३ गुण द्यायचे. पण लहान मूल गुण कसे देणार? आईवडिलांनी डायरी लिहायची. बारमाही आजार आपोआप कमीजास्त होतो, म्हणून तुलनेसाठी काही मुलांना औषधविरहित, पण हुबेहूब दिसणारा डोस द्यावा लागे.

८/ दरम्यान झोप न आणणारी दुसरी पिढी आली. त्यातील टर्फेनाडिनला अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली. पुढे एरिथ्रोमायसिनसारख्या औषधांसोबत घेतल्यास ते हृदयाची लय बिघडवते, असे आढळले. १९९८ पर्यंत ते तेथील बाजारातून गेले. ‘नवे’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे.

९/ १९९० च्या दशकात युरोप व कॅनडात ‘इटॅक’ चाचणी झाली. त्वचेची ॲलर्जी असलेली १ ते २ वर्षे वयाची ८१७ बालके. १८ महिने सेटिरिझिन किंवा प्लासिबो. पुढचा दमा टळेल, ही आशा एकंदरीत फळली नाही. पण वाढ, वर्तन व आकलन यांवर वाईट परिणाम दिसला नाही, ही नोंद मोलाची ठरली.

१०/ १९९७ च्या अमेरिकी कायद्याने मुलांवर अभ्यास करणाऱ्या कंपनीस सहा महिन्यांची जादा मक्तेदारी देऊ केली. युरोपात २००७ पासून असा अभ्यास बहुतांश नव्या औषधांसाठी सक्तीचा झाला. जे करुणेने साधले नाही, ते नफ्याने आणि सक्तीने साधले.

११/ आणि आपण? क्लोरफेनिरामिन हे पहिल्या पिढीतले औषध. फिनाइलेफ्रिनसोबतचे त्याचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश भारतीय औषध नियंत्रकांनी दिला तो डिसेंबर २०२३ मध्ये.

१२/ मुलांना चाचणीपासून दूर ठेवणे म्हणजे त्यांचे रक्षण, असे एक पिढी मानत होती. वस्तुतः प्रयोग थांबलाच नव्हता. तो घराघरांत, चमच्याने, कोणतीही नोंद न ठेवता चालू होता. पुढच्या वेळी गोळी मोडण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारा. (समाप्त)