पॉइंट टू टू : पहिल्या रायफलीची कुळकथा

श्रोतेहो, पैनगंगेकाठचे आपले देऊळघाट घ्या, नाहीतर बुलढाण्याच्या पठारावरचे दुसरे कोणतेही गाव घ्या. ज्वारी निसवली, मक्यात दाणा भरू लागला, की पारावर रानडुकरांचा आणि रोह्यांचा विषय निघतोच. आणि त्यापाठोपाठ विषय निघतो तो बंदुकीचा. मग कोणीतरी म्हणतो, “मोठी नको, एखादी पॉइंट टू टू मिळाली तरी भागेल.” ही पॉइंट टू टू आली कोठून, ती कोणाच्या कामाची, आणि ज्याने कधी बंदूक हाती धरली नाही त्याने ती पारखावी कशी, हे आज पाहू.

वऱ्हाडाला बंदूक नवी नव्हे. आपल्याच जिल्ह्यात साखरखेर्ड्याला १७२४ साली निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली आणि दक्षिणेत निजामाचे राज्य पक्के झाले. त्या काळची बंदूक तोड्याची. कानावर रंजक घालायची, जळता तोडा तिला लावायचा, तेव्हा बार उडायचा. पाऊस आला की तीच बंदूक काठीच्या मोलाची! पुढे ठासणीची बंदूक आली. शेताच्या माळ्यावर तीच वर्षानुवर्षे टिकली.

आता १८५७ साल. मीरतच्या काडतुसांची गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. ते काडतूस कागदी होते आणि दातांनी तोडावे लागे. गंमत अशी, की त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ अँड वेसन या कारखान्याने तांब्याच्या पुंगळीचे एक चिमुकले काडतूस बाजारात आणले. कल्पना मूळची फ्रान्समधल्या फ्लोबेर यांची, १८४५ च्या सुमाराची. काडतुसाच्या बुडाला कंगोरा असतो ना, त्याच्या आतल्या पोकळीत चटकन पेटणारा मसाला भरायचा. खटका दाबला की टोचा त्या काठावर बसतो, काठ चेमटतो, मसाला पेटतो आणि गोळी सुटते. काठावर पेटणारे म्हणून याचे नाव रिमफायर. काठ चेमटायचा तर पत्रा पातळच हवा, आणि पत्रा पातळ म्हटल्यावर दारू बेताचीच भरता येणार. म्हणून या जातीची मोठी काडतुसे हळूहळू मागे पडली आणि धाकटे भावंड तेवढे टिकले. १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीने त्याला जे रूप दिले, ‘लाँग रायफल’ म्हणतात ते, तेच आजही जगभर चालते. गोळीची जाडी साडेपाच मिलिमीटरच्या जरा वर, वजन साधारण अडीच ग्रॅम.

इथे इतिहासाचा एक विरोधाभास सांगतो, तो शिक्षकबंधूंनी वर्गात अवश्य सांगावा. दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०२ या युद्धात बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमबाजीने इंग्रजांच्या नाकी नऊ आणले. मग विलायतेत शहाणपण सुचले, की कारकुनालाही आणि कामगारालाही नेम धरता आला पाहिजे. १९०१ साली तिकडे लहान रायफलींच्या मंडळांची संस्था निघाली आणि ही स्वस्त, कमी आवाजाची रायफल गावोगाव पोहोचली. आणि त्याच साम्राज्यात आपल्याकडे काय होते? लिटनसाहेबाचा १८७८ चा शस्त्रकायदा! हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक नाही, गोऱ्याला मात्र सूट. घरच्या शेतकऱ्याला नेमबाजी शिकवावी आणि इथल्या शेतकऱ्याच्या हातचे हत्यार काढून घ्यावे, याला मी तरी भीतीखेरीज दुसरे नाव देणार नाही.

स्वातंत्र्यानंतर चक्र फिरले. १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना निघाली, आणि हजारो मुलामुलींनी पहिला बार काढला तो पॉइंट टू टूचाच. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशन स्थापन झाले. त्याचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती, आपले मराठी गृहस्थ. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही भरते. पुढे १९५९ चा शस्त्रकायदा झाला, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू आहे. त्याचे तेरावे कलम नीट वाचण्याजोगे आहे. पीकरक्षणासाठी त्यात नाव आहे ठासणीच्या बंदुकीचे. पॉइंट टू टूचे नाव आहे ते मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदाला निशाणाच्या सरावासाठी.

हा भेद उगाच केलेला नाही बरं का. एवढीशी गोळी रानडुकराला सहसा जागीच पाडत नाही. ते जखमी होऊन ज्वारीत शिरते आणि सकाळी खुरपायला आलेल्या बाईच्या अंगावर येते. शिवाय चुकलेली गोळी किलोमीटरच्या पलीकडेही जाते. पलीकडच्या वावरात कोण रखवालीला बसले आहे, अंधारात कोणाला दिसणार? वर १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच. वनखात्याच्या परवानगीवाचून डुकरावर वा रोह्यावर बार काढता येत नाही. तेव्हा पिकासाठी ही रायफल हवी असेल, तर तो विचार सोडा.

पण नेम शिकायचा असेल, तर हिच्यासारखा गुरू नाही. धक्का जवळजवळ नाही, आवाज थोडा, त्यामुळे नवशिक्या डोळे मिटत नाही. निवडताना नक्षी पाहू नका. दस्ता खांद्याला लावा; मान न ताणता डोळा आपोआप माशीच्या रेषेत आला पाहिजे. ठेंगण्या माणसाने लांब दस्ता घेतला, की जन्मभर कुबड काढून नेम धरतो. हाताने बोल्ट ओढून एकेक काडतूस भरायची रायफल पहिली बरी. प्रत्येक गोळीचा हिशेब द्यावा लागतो. खटका एकदम आणि स्वच्छ सुटावा, ओढत ओढत नव्हे. दुर्बीण नंतर, आधी उघड्या माशीवर हात बसू द्या. इशापूरच्या सरकारी कारखान्याची रायफल साधी, शिकायला पुरेशी. चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोच्या जुन्या रायफलींना जाणकार अजून मान देतात. जर्मनीची अ‍ॅनशुट्झ ही स्पर्धेची. तिची किंमत ऐकून घाबरू नका, पहिल्या दिवशी तिची गरजच नसते.

आणखी एक. हीच रायफल एका बनावटीच्या काडतुसाला गोड बोलते आणि दुसऱ्याला रुसते. म्हणून दोनतीन बनावटी लावून पाहाव्यात आणि जुळेल तिलाच धरून राहावे. पन्नास मीटरवर नेम जुळवला, तर शंभर मीटरवर गोळी सुमारे १५ सेंटीमीटर खाली लागते, हेही ध्यानात असू द्या.

याच जातीच्या रायफलीने कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. गुण ४५१.४, अंतर ५० मीटर. गुडघ्यावर, पालथे आणि उभे, अशा तिन्ही आसनांनी. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेत्या झाल्या होत्या.

परवान्याला वय २१ पुरे लागते. मात्र १२ वर्षांवरील मुलांना क्लबात देखरेखीखाली सराव करता येतो. २०१६ च्या नियमांनी अर्जदाराला शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. तेव्हा आधी क्लबात नाव घाला, तिथल्या रायफलींवर निदान एक हंगाम हात चालवा, आणि मग जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज करा. घरी आणल्यावर रायफल एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात, किल्ल्या मात्र एकाच माणसाच्या करगोट्याला.