युरोपातील उलथापालथ (१९१४–१८)

पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपातील राज्यसत्ता, समाजजीवन व कला यांत झालेली स्थित्यंतरे. सारायेव्हो येथे २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याची हत्या झाली व महिन्याभरात युद्धाला तोंड फुटले. १९१८ अखेर रशिया, जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी येथील सिंहासने रिकामी झाली होती. ऑटोमन सुलतानपद १९२२ मध्ये गेले. या पडझडीची कारणे रणांगणाइतकीच पावासाठी लागलेल्या रांगांत शोधावी लागतात.

ब्रिटिश आरमाराने नाकेबंदी केल्यामुळे जर्मनीत धान्याची चणचण भासू लागली. १९१५ च्या आरंभीच बर्लिनमध्ये पाव शिधापत्रिकेवर मिळू लागला. पुढच्या वर्षी बटाट्याचे पीक बुडाले आणि १९१६-१७ च्या हिवाळ्यात एरवी गुरांना घालायचे सलगम माणसांच्या ताटात आले. रशियात पेट्रोग्राडमध्ये ८ मार्च १९१७ रोजी कापडगिरण्यांतील कामगार स्त्रिया पाव मागत रस्त्यावर उतरल्या. धातू कारखान्यांतील पुरुष त्यांना येऊन मिळाले. त्यांना पांगवायला पाठवलेले सैनिक चार दिवसांत फितले आणि १५ मार्चला झार दुसरा निकोलस याने राजत्याग केला. तीनशे वर्षांची रोमानोव्ह राजवट आठवड्याभरात संपली.

पुरुष आघाडीवर गेल्याने स्त्रिया ट्रामवर, शेतात व दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला लागल्या. ब्रिटनमध्ये टीएनटी हे स्फोटक हाताळणाऱ्या मुलींची कातडी पिवळी पडे. काहींचा काविळीने बळी गेला. १९१८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला, पण वयाची तिशी व मालमत्तेच्या अटींसह. तोफगोळे भरणाऱ्या बहुसंख्य तरुणी त्यातून वगळल्या गेल्या, हा उघड अन्याय होता. पुरुषांच्या बरोबरीचा हक्क मिळायला १९२८ साल उजाडावे लागले.

कलेत जुन्या सौंदर्यकल्पनांवरचा विश्वास उडाला. तटस्थ स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे फेब्रुवारी १९१६ मध्ये ह्यूगो बाल व एमी हेनिंग्ज यांनी ‘काबारे व्हॉल्तेर’ सुरू केले. तेथेच दादावाद ही कलाचळवळ जन्मली. चित्रकार फ्रान्झ मार्क त्याच वर्षी व्हर्दांला मारला गेला. शिल्पकार केटे कोलविट्झ यांचा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये पडला. तो अल्पवयीन असल्याने भरतीला वडिलांची संमती लागणार होती. त्यांचे मन आई केटे यांनीच वळवले होते. गुडघे टेकलेल्या आईबापांचे शिल्प त्यांनी १९३२ मध्ये पूर्ण केले. युद्धस्मारकांत त्याच्या तोडीची कृती क्वचितच आढळते.

शांततातहांनी नकाशा नव्याने आखला. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया ही राज्ये उभी राहिली. मात्र लाखो माणसे कोणत्याच देशाची उरली नाहीत. आधी रशियन व नंतर आर्मेनियन निर्वासितांसाठी १९२२ पासून राष्ट्रसंघाचे उच्चायुक्त फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या नावाचे ओळखपत्र दिले जाऊ लागले.